लिथोस्त्रोतोन आणि गब्बाथा (योहान 19:13): शब्दाचा अर्थ काय, जागा कोणती?

पाथरवट (धागाकर्ता)

उपवासकाळातल्या ‘क्रुसाची वाट’ भक्तीसाठी प्रत्येक स्थानाला चार-पाच ओळींची माहिती द्यायची आहे. पहिल्याच स्थानाला गाडी अडली. योहान 19:13 मध्ये रोमन सुभेदार पिलात येशूला बाहेर आणतो आणि न्यायासनावर बसतो. त्या जागेला मराठी बायबलमध्ये ‘फरसबंदी’ म्हटलं आहे, आणि इब्री नाव ‘गब्बाथा’ दिलं आहे. मूळ ग्रीक शब्द लिथोस्त्रोतोन. नव्या करारात तो फक्त इथेच येतो, गब्बाथाही फक्त इथेच.

तीन प्रश्न:
1. ग्रीक शब्दाचा नेमका अर्थ काय? नुसती फरशी, की काही खास प्रकारची?
2. गब्बाथा हे त्याचंच भाषांतर आहे का?
3. यरुशलेममध्ये आज जी फरशी ‘हीच ती’ म्हणून दाखवतात ती खरी का?

भाविक उत्तर नको, ते मंडळींना ठाऊक आहे. पुरावा काय आहे तेवढं सांगा.

अल्फाबीटा

पहिल्या प्रश्नापुरतं. ‘लिथोस’ म्हणजे दगड, ‘स्त्रोन्नुमी’ म्हणजे अंथरणे, पसरणे. दोन्ही मिळून ‘दगड अंथरलेलं’. मुळात हे विशेषण आहे, पुढे ते नपुंसकलिंगी नाम म्हणून रुळलं. योहानाचं वाक्य असं: ‘एइस तोपोन लेगोमेनोन लिथोस्त्रोतोन’, म्हणजे ‘लिथोस्त्रोतोन म्हटल्या जाणाऱ्या जागी’. इथे हा शब्द ‘तोपोन’चं विशेषण धरा किंवा स्वतंत्र नाम धरा, रूप एकच राहतं. त्यामुळे व्याकरणावरून इथे काहीच ठरत नाही, आणि ठरवायची गरजही नाही. ‘लेगोमेनोन’ महत्त्वाचं. लेखक फरशीचं वर्णन करत नाही, जागेचं नाव सांगतो आहे.

आता ‘खास प्रकारची का’. या शब्दाचा वापर दोन टोकांचा आहे.

एक टोक पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीचं. त्याच्या निसर्ग-इतिहासाच्या 36 व्या भागात तो म्हणतो की लिथोस्त्रोता रोमन हुकूमशहा सुल्लाच्या काळात सुरू झाली, आणि सुल्लाने प्राएनेस्ते इथल्या फोर्तुना देवीच्या मंदिरात बारीक तुकड्यांची फरशी घातली ती आजही आहे. म्हणजे त्याच्या लेखी हे नक्षीदार, तुकड्या-तुकड्यांचं काम. (तिथेच पेर्गामोनच्या सोसोसने केलेल्या ‘न झाडलेल्या खोली’चा उल्लेख आहे: जेवणाचं उष्टं जमिनीवर तसंच पडून आहे असं दाखवणारी फरशी. अवांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

दुसरं टोक पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकार जोसेफसचं. ‘यहुदी युद्ध’ 6.85 मध्ये बिथिनियाचा शताधिपती युलियानुस मंदिराच्या अंगणात एकटा शत्रूवर धावून जातो. त्याच्या पादत्राणांना सैनिकी रिवाजाप्रमाणे दाट, टोकदार खिळे मारलेले असतात. लिथोस्त्रोतोनवर धावताना पाय घसरतो, चिलखतासकट आदळतो, आणि आवाज ऐकून मागे वळलेले लोक त्याला घेरून मारतात. हे उघड्यावरचं, जमाव मावेल एवढं दगडी अंगण आहे.

म्हणून शब्दावरून दगडाचा आकार, जाडी, रंग, नक्षी यातलं काहीही काढता येत नाही. ‘लिथोस्त्रोतोन म्हणजे मोझेक’ असं काही कोशांत सापडेल, ते प्लिनीपुरतं. ‘फरसबंदी’ हा मराठी शब्द उत्तम आहे, तो तेवढंच सांगतो जेवढं ग्रीक सांगतं.

जुनी_पोथी

यात सेप्टुअजिंटची (जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक अनुवादाची) भर घालतो, कारण योहानाच्या वाचकाच्या कानावर हा शब्द तिथूनही पडलेला असणार.

2 इतिहास 7:3: शलमोनाच्या मंदिरावर अग्नी उतरतो, लोक लिथोस्त्रोतोनवर तोंड टेकून दंडवत घालतात.
एस्तेर 1:6: अहश्वेरोशाच्या मेजवानीचं अंगण. ग्रीकमध्ये इथे पाचूसारखा दगड, शिंपल्याची झाक आणि पारोसचा संगमरवर आहे.
गीतरत्न 3:10: शलमोनाच्या पालखीचा आतला भाग. इथे शब्द फरशीसाठी नाहीच, जडावाच्या कामासाठी आहे.

पहिल्या दोन्ही ठिकाणी मूळ हिब्रू शब्द ‘रित्सपा’, तिसऱ्या ठिकाणी त्याच धातूचं रूप. म्हणजे ग्रीक अनुवादकांनी र-त्स-प या धातूसाठी लिथोस्त्रोतोन वापरला. हे लक्षात ठेवा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

पाथरवट

म्हणजे गब्बाथा जर भाषांतर असतं तर ‘रित्सपा’च्या घरातलं काहीतरी यायला हवं होतं?

जुनी_पोथी

बरोबर. गब्बाथाचा त्या धातूशी संबंध नाही. व्युत्पत्ती मात्र एकमताने ठरलेली नाही. जे पर्याय टिकतात ते सगळे उंचवट्याकडे जातात:

– ‘गब’ म्हणजे पाठ, कणा, वर आलेला भाग. त्यावरून उंचवटा, कडा.
– ‘गब्बाहत’, कपाळावरचं टक्कल. लेवीय 13:42 मध्ये हा शब्द आहे. त्यावरून उघडा, बोडका उंचवटा. ऐकायला गंमत वाटते, पण टेकड्यांना अशी नावं पडतात.
– ‘गिबा’ म्हणजे टेकडी. जोसेफस (युद्ध 5.51) ‘गबाथ शाऊल’ या गावाच्या नावाचा अर्थ ‘शाऊलची टेकडी’ असा स्वतःच देतो. अडचण एवढीच की त्या धातूत शेवटी ‘अयिन’ हे कंठ्य व्यंजन आहे आणि ‘ब’ला द्वित्त नाही. ग्रीक लिप्यंतरात कंठ्य व्यंजनं गळतात, त्यामुळे पहिली अडचण मोठी नाही. दुसरी आहे.

योहानाच्या हस्तलिखितांतही एक ‘ब’ आणि दोन ‘ब’ अशी दोन्ही रूपं मिळतात, म्हणून फक्त द्वित्तावर इमारत उभारू नका.

आणखी एक खूण. पेशित्ता या सिरियाक (अरामीच्या एका बोलीतल्या) बायबलमध्ये अनुवादकाने लिथोस्त्रोतोनसाठी ‘दगडांची रित्सिप्ता’ असा सरळ र-त्स-प धातूचा शब्द वापरला, आणि इब्री नाव म्हणून ‘गफिफ्ता’ असं वेगळंच रूप दिलं. अरामी जाणणाऱ्यालाही ही दोन नावं एकमेकांचं भाषांतर वाटली नाहीत. लॅटिन व्हल्गेटने तर दोन्ही नावं जशीच्या तशी ठेवली.

दुर्बीण

पण चारच ओळी पुढे, 19:17 मध्ये, ‘कवटीची जागा, इब्रीत गोलगोथा’ येतं, आणि ते तर सरळ भाषांतर आहे. तिथे भाषांतर, इथे नाही, हे कशावरून?

अल्फाबीटा

रास्त शंका. ‘हेब्राइस्ती’ हा शब्द योहानात पाचदा येतो: 5:2 (तळ्याचं नाव), 19:13, 19:17, 19:20 (क्रुसावरचा लेख) आणि 20:16 (रब्बूनी). प्रकटीकरणात आणखी दोनदा. त्याचा अर्थ ‘यहुद्यांच्या भाषेत’ एवढाच, आणि ती भाषा बहुतेकदा अरामी असते. ‘भाषांतर असं’ हा अर्थ त्या शब्दात नाही. 5:2 मधल्या तळ्याच्या नावाचं भाषांतर योहान देतच नाही. उलट जिथे अर्थ सांगायचा असतो तिथे तो ‘हेर्मेनेउएताइ’ वापरतो, उदा. 9:7 मध्ये सिलोआम म्हणजे ‘पाठवलेला’. गोलगोथाच्या बाबतीत दोन नावांचा अर्थ जुळतो, हे आपल्याला अरामीवरून कळतं, योहानाच्या वाक्यरचनेवरून नाही. गब्बाथाला तीच कसोटी लावली की अर्थ जुळत नाही.

थोडक्यात: एकाच जागेची दोन स्वतंत्र नावं. ग्रीक बोलणारे पायाखालच्या दगडांवरून ओळखत, स्थानिक लोक बहुधा उंचीवरून.

वायव्य_बुरूज

भाषेचं झालं, पण दगड डोळ्यांसमोर आहेत ते कोणी पाहणार की नाही? यरुशलेममधल्या व्हिया दोलोरोसावर, म्हणजे ‘क्रुसाची वाट’ मानल्या जाणाऱ्या रस्त्यावर, ‘एक्के होमो’ कमानीला लागून सियोनच्या भगिनींचा मठ आहे. त्याच्या तळघरात चुनखडीच्या मोठ्या चिऱ्यांची भक्कम रोमन फरशी आहे. घोडे घसरू नयेत म्हणून काढलेल्या खाचा आहेत, पाण्याचे पाट आहेत, सैनिकांनी कोरलेले खेळाचे पट आहेत. जागा अँटोनिया किल्ल्याची, मंदिराच्या वायव्य कोपऱ्यावर. जोसेफस (5.238 पासून) सांगतो की किल्ला 50 हात उंच खडकावर होता. उंचवटाही आला, फरशीही आली. लुई-ह्यूग व्हँसाँसारख्या अभ्यासकाने 1930 च्या दशकात हेच मांडलं. सणाच्या गर्दीवर नजर ठेवायला सुभेदार मंदिराशेजारी राहणार, की शहराच्या दुसऱ्या टोकाला? शिवाय वरचा युलियानुस उडी मारून गेला तो अँटोनियावरूनच.

थर_आणि_खापर

वायव्य_बुरूज, युक्तिवाद चांगला आहे, पण तो फरशीच्या खाली बघत नाही.

त्या फरशीखाली स्त्रुथियॉन नावाचं तळं आहे, खडकात खोदलेलं, साधारण 52 मीटर लांब आणि 14 मीटर रुंद. तळ्यावर दगडी घुमटाकार छत (व्हॉल्ट) आहे आणि त्या छतावर ही फरशी टेकली आहे. म्हणजे आधी तळं, मग छत, मग फरशी. आता जोसेफस 5.467 वाचा. इ.स. 70 च्या वेढ्यात पाचव्या लिजनने (रोमन सैन्यदलाने) अँटोनियाविरुद्ध मातीचा चढ रचला, तो स्त्रुथियॉन तळ्याच्या मध्यासमोर. म्हणजे तेव्हा ते उघडं तळं होतं, खूण म्हणून सांगता येईल असं. छत नाही तर वरची फरशीही नाही.

मग ती कधीची? कमानीचीच. ‘एक्के होमो’ ही तीन दारांची रोमन कमान आहे. मधलं दार रस्त्यावर दिसतं, उत्तरेकडचं छोटं दार मठाच्या बॅसिलिकात वेदीमागे आहे. कमान आणि फरशी यांचा मेळ सम्राट हेड्रियनने यरुशलेमच्या जागी वसवलेल्या एलिया कॅपिटोलिना शहराशी बसतो, म्हणजे इ.स. दुसऱ्या शतकाशी. पिलाताचा कारभार इ.स. 26 ते 36. मध्ये शंभर वर्षं गेली.

खेळाच्या पटांचंही तेच. ‘राजाचा खेळ’ कोरलेला आहे आणि सैनिकांनी येशूची राजा म्हणून थट्टा केली ती याच खेळाच्या नियमाने, असं तिथे हमखास सांगतात. पट खरे आहेत. पण ज्या दगडावर ते कोरले तोच नंतरचा.

युलियानुसची फरशी मंदिराच्या अंगणाची आहे, किल्ल्याची नाही. तिथे सुभेदार न्यायासन मांडेल ही कल्पना यहुदी-रोमन संबंधांच्या कोणत्याही माहितीत बसत नाही.

वायव्य_बुरूज

तळ्याचा मुद्दा मान्य, मठाची फरशी सोडली. पण त्यामुळे अँटोनिया बाद होत नाही. त्या काळची मूळ फरशी नष्ट झाली असेल.

थर_आणि_खापर

असेल. पण मग अँटोनियाच्या बाजूने काय उरतं ते मोजा. दुसऱ्या पारड्यात हेरोदाचा राजवाडा आहे, शहराच्या पश्चिम तटाला लागून. आजच्या याफा दरवाज्याजवळच्या गढीपासून दक्षिणेला आर्मेनियन वस्तीखाली तो पसरला होता. त्याच्या बाजूचे पुरावे लेखी आहेत:

यहुदी तत्त्वज्ञ फिलो (‘गायसकडील शिष्टमंडळ’ 299 पासून): पिलाताने सोनेरी ढाली हेरोदाच्या राजवाड्यात लावल्या, आणि पुढे (306) तो त्याला सुभेदारांचं निवासस्थान म्हणतो. पिलाताचा समकालीन लेखक, आणि पिलाताबद्दलच लिहितो आहे.

जोसेफस (युद्ध 2.301): इ.स. 66 मध्ये सुभेदार गेसियस फ्लोरस राजवाड्यात उतरतो, दुसऱ्या दिवशी राजवाड्यासमोर बेमा (न्यायासन) मांडायला लावतो आणि त्यावर बसतो. मुख्य याजक आणि प्रतिष्ठित लोक समोर येतात. पुढच्या परिच्छेदांत त्याच बेमासमोर फटके आणि मग क्रुसावरची शिक्षा. पात्रं वगळली तर योहान 19 ची मांडणी हीच.

योहान 18:28 मध्ये विटाळ होऊ नये म्हणून आरोप करणारे आत जात नाहीत, पिलातालाच आत-बाहेर करावं लागतं. म्हणजे जागा हवी ती निवासाबाहेर, जमाव उभा राहील अशी आणि दगड घातलेली. मार्क 15:16 मध्ये सैनिक येशूला ‘वाड्याच्या आत, म्हणजे प्रेतोरियोनमध्ये’ नेतात. ‘प्रेतोरियोन’ हे एका ठरावीक इमारतीचं नाव नव्हे: सुभेदार मुक्कामाला असेल ती वास्तू.

उंची? शहराची पश्चिम टेकडी मंदिराच्या टेकडीपेक्षा उंच आहे, त्यामुळे गब्बाथाला इथेही अडचण नाही. फरशी? जोसेफस (5.178) म्हणतो, राजवाड्यातल्या दगडांची विविधता सांगता येणार नाही, दुर्मीळ दगड तिथे ढिगाने आणले होते.

पिएर बेन्वा यांनी 1952 मध्ये हीच बाजू मांडली होती, तळ्याचा मुद्दाही पुढे त्यांनीच लावून धरला. ते आणि व्हँसाँ दोघेही यरुशलेमच्या एकाच संस्थेतले, एकोल बिब्लिकचे. आज बहुसंख्य अभ्यासक राजवाड्याच्या बाजूने आहेत.

दुर्बीण

उत्खननात राजवाड्याची फरशी मिळाली का?

थर_आणि_खापर

‘हे लिथोस्त्रोतोन’ असं बोट ठेवता येईल अशी नाही. गढीशेजारच्या किश्ले या जुन्या तुरुंगाच्या इमारतीखाली राजवाड्याच्या पायाच्या भिंती आणि मलप्रवाहाची व्यवस्था मिळाली. पायाच्या वरचं बांधकाम जवळपास नाही, कारण शतकानुशतकं तिथलाच दगड काढून तिथेच वापरला गेला. शिमोन गिब्सन यांनी पश्चिम तटातल्या एका दरवाज्यालगतचं दोन भिंतींमधलं अंगण सुचवलं आहे. सुचवणी म्हणून चांगली आहे, शिक्का मारावा इतकी नाही.

हेरोदाच्या फरश्या कशा असत हे मात्र कळतं. मसादा आणि यरीहो इथे त्याच्या बांधकामांत रंगीत दगडाचे चौकोन, त्रिकोण कापून जोडलेल्या फरश्यांचे अवशेष आहेत. मंदिराच्या टेकडीवरून फेकलेल्या मातीतून चाळून काढलेल्या अशाच फरशीच्या तुकड्यांवरून 2016 मध्ये नक्षीची फेररचना प्रसिद्ध झाली. तुकड्यांची मापं रोमन फुटाशी (सुमारे 29.6 सेंमी) जुळतात. पण ही मुख्यतः आतल्या दालनांची किंवा खास अंगणांची कामं. जमाव उभा राहतो त्या चौकात साधे चिरे असण्याचा संभव जास्त, आणि शब्दाला दोन्ही चालतं.

अल्फाबीटा

दोन गोष्टी टिपणात शिरण्याआधीच थांबवतो, कारण त्या फार फिरतात.

पहिली, ‘पिलात स्वतःची घडीची फरशी बरोबर आणत असे’. हे सुएतोनियसवरून (ज्युलियस सीझर 46) आलं आहे. तिथे सीझर मोहिमांवर तुकड्यांच्या फरश्या बरोबर नेत असे असं म्हटलं आहे. विधान सीझरबद्दल, पिलाताबद्दल एक अक्षर नाही. शिवाय सुटी, हलवता येणारी फरशी असती तर जागेला स्थानिक भाषेत वेगळं, पक्कं नाव पडलं नसतं.

दुसरी, ‘पिलाताने येशूलाच न्यायासनावर बसवलं’. ‘एकाथिसेन’ हे क्रियापद सकर्मकही होऊ शकतं, आणि दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टिरच्या पहिल्या समर्थनलेखात (35) तसा प्रसंग आहे, पेत्राच्या नावावरच्या अप्रमाण शुभवर्तमानातही. दे ला पोत्तेरी यांनी 1960 मध्ये योहानासाठी हाच अर्थ सुचवला. माझ्या मते तो टिकत नाही. ‘बसवलं’ म्हणायचं तर ‘त्याला’ हे कर्म क्रियापदाजवळ हवं होतं. योहान 12:14 मध्ये हेच क्रियापद सरळ ‘बसला’ या अर्थाने आहे, आणि मत्तय 27:19 मध्ये न्यायासनावर पिलातच बसलेला आहे. मराठी भाषांतरातलं ‘बसला’ बरोबर आहे.

क्रुसवाटकर

मग व्हिया दोलोरोसाची वाट अँटोनियाच्या बाजूने का सुरू होते?

जुनी_पोथी

ती वाट मध्ययुगात आकाराला आली आणि नंतर पक्की झाली. त्याआधीची परंपरा वेगळीच होती. 333 साली आलेला बोर्दोचा यात्रेकरू पिलाताच्या वाड्याच्या भिंती खाली दरीत, नेआपोलिसच्या दरवाज्याकडे जाताना उजव्या हाताला दाखवतो. म्हणजे अँटोनियाही नाही, राजवाडाही नाही, मधली दरी. तिथे पुढे चर्च होतं, 614 च्या पर्शियन हल्ल्यात शहरातली चर्चेस उद्ध्वस्त झाली त्यात तेही गेलं. म्हणजे परंपरेतली जागा काळानुसार बदलत गेली. आजही फ्रान्सिस्कन मंडळींची शुक्रवारची मिरवणूक अँटोनियाच्या जागेवरच्या शाळेच्या अंगणातून निघते. भक्तीसाठी ती वाट चालायला हरकत काहीच नाही, फक्त टिपणात ती ‘पुराव्याने सिद्ध’ म्हणू नये.

पाथरवट

सगळ्यांचे आभार. हा मसुदा बघा:

‘योहान 19:13 मधील फरसबंदी (ग्रीक लिथोस्त्रोतोन) ही सुभेदाराच्या निवासाबाहेरची दगड घातलेली मोकळी जागा. तिचं हिब्रू नाव गब्बाथा, अर्थ उंचवटा. ही जागा हेरोदाच्या राजवाड्यासमोर होती. व्हिया दोलोरोसावरील मठातली फरशी हेड्रियनच्या काळातली, म्हणजे नंतरची आहे.’

जुनी_पोथी

तीन दुरुस्त्या. ‘हिब्रू नाव’च्या जागी ‘स्थानिक अरामी नाव’ करा, किंवा बायबलचा शब्द ठेवायचा तर ‘इब्री’ अवतरणचिन्हांत. ‘अर्थ उंचवटा’च्या आधी ‘बहुधा’. आणि ‘होती’च्या जागी ‘असावी’.

थर_आणि_खापर

शेवटच्या ओळीत ‘दुसरं शतक’ घाला, हेड्रियन कधीचा हे सगळ्यांना माहीत नसतं. फोटो लावणार असाल तर मठातल्या फरशीचा लावू नका. टीप खाली कितीही बारकाईने लिहिली तरी लोक फोटोच लक्षात ठेवतात. त्यापेक्षा याफा दरवाज्याजवळच्या गढीतल्या ‘दाविदाच्या बुरुजा’चा लावा. त्याचा खालचा चिरेबंदी भाग हेरोदाच्या राजवाड्याला लागून असलेल्या तीन बुरुजांपैकी एकाचा आहे, आणि तो त्याच काळातला आहे.